देवाचा हात, देवाचे नाक : बायबल वाचताना पडणारे प्रश्न



आपल्या घरांत आता पुस्तके येऊ लागली आहेत. मुले ग्रंथालयातून आणतात, मिशनच्या शाळेत बक्षीस म्हणून मिळतात, कधी स्टेशनबाहेर कोणी फुकट वाटत असतो. त्यांत केव्हातरी बायबलही येतेच. ज्याला वाचनाची गोडी लागली आहे असा मनुष्य ते उघडतो आणि पहिल्या दहा पानांतच थबकतो. कारण तेथे देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. दिवस कलल्यावर गार वाऱ्याला बागेत फिरतो आणि झाडाआड लपलेला आदाम कुठे दडला आहे म्हणून हाक मारून विचारतो. जलप्रलय ओसरल्यावर नोहाने अर्पण केलेल्या होमबलीचा वास घेतो. पुढे निर्गम नावाच्या पुस्तकात मोशेला दिलेल्या दगडी पाट्यांवर तो आपल्या बोटाने अक्षरे लिहितो. तो रागावतो, त्याला मत्सर वाटतो, केल्याचा पश्चात्तापही होतो.

हे वाचून आपल्यापैकी कोणी म्हणेल, ‘हा कसला देव? हा तर आमच्या गावच्या पाटलासारखा दिसतो!’ आणि हसून पुस्तक मिटवील. दुसरा कोणी भाविक असेल तर तो शब्दाला शब्द धरून बसेल की लिहिले आहे म्हणजे देवाला हात, बोटे, नाक असणारच. वाचकहो, हे दोघेही एकच गोष्ट करीत आहेत. दोघांनीही प्रतिमेला वस्तू समजले. एकाने ती वस्तू फेकून दिली, दुसऱ्याने देव्हाऱ्यात ठेवली, एवढाच काय तो फरक.

आपण ईश्वर मानीत नाही, मग या भानगडीत पडावेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. परंतु ज्या पुस्तकाने जगातील कोट्यवधी माणसांच्या मनाला वळण लावले, त्याची टिंगल करून आपले काम भागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ईश्वरावरील विश्वासाची चर्चा आहे. ती काढून पाहा. तेथे चेष्टा नाही, एकामागून एक प्रश्न आहेत. ज्याचे खंडन करावयाचे ते आधी नीट समजून घ्यावे, ही शिस्त आपल्याला तेथून मिळालेली आहे. आणि दुसरे कारण त्याहून मोठे आहे. देवाला माणसासारखा रंगविला की त्याचे परिणाम देवाला भोगावे लागत नाहीत. ते माणसांना भोगावे लागतात. त्याकडे मी शेवटी येणारच आहे.

प्रथम भाषेची गोष्ट घेऊ. आपण मराठीत म्हणतो, अमक्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग आहे. हे ऐकून कोणी त्याचे नाक तपासायला जात नाही. कायद्याचे हात लांब असतात, सरकारचे डोळे उघडले, भिंतीला कान असतात; ही वाक्ये आपण रोज बोलतो आणि आपल्याला त्यांत काही चमत्कारिक वाटत नाही. बायबलचा जुना करार मुख्यत्वे हिब्रू भाषेत लिहिला गेला, आणि हिब्रू ही तर या बाबतीत मराठीची थोरली बहीण शोभेल. त्या भाषेत ‘अफ’ म्हणजे नाक आणि ‘अफ’ म्हणजेच राग. मनुष्य संतापला की त्याचे नाक पेटले असे हिब्रू बोलणारा म्हणतो. उलट जो सहजासहजी रागावत नाही, सोसून घेतो, तो ‘लांब नाकाचा’. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात देवाचे गुणवर्णन आहे, त्यात नेमका हाच शब्दप्रयोग आला आहे. आता मराठी भाषांतरकाराने काय करावे? ‘लांब नाकाचा देव’ असे लिहिले असते तर पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला असता. त्याने ‘मंदक्रोध’ असा शब्द योजला. अर्थ बरोबर उतरला, नाक मात्र गळून गेले.

असाच आणखी एक शब्द आहे. हिब्रूत ‘रेखेम’ म्हणजे गर्भाशय, आणि त्याच धातूपासून झालेला ‘रहमीम’ हा शब्द म्हणजे करुणा. आपल्या कानावर असलेला ‘रहम’ हा अरबी शब्दही याच घराण्यातला. पोटच्या गोळ्याबद्दल आईला जे वाटते ते या शब्दाच्या मुळाशी आहे. भाषांतरात ‘दया’ एवढेच उरते. ‘दया’ हा शब्द वाईट नाही. पण दया वरून खाली करता येते, आणि गर्भाशयाला वर-खाली नसते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम कित्येक वर्षे केले. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा ते नुकतेच हातावेगळे झाले होते. खेड्यातल्या बाईला कळेल असा शब्द शोधताना किती ठिकाणी त्यांची लेखणी अडली असेल, याची थोडी कल्पना वरच्या दोन शब्दांवरून यावी.

तेव्हा निम्मी कोडी वाक्प्रचार म्हणून सुटतात. हात म्हणजे सामर्थ्य, डोळा म्हणजे लक्ष, मुख म्हणजे सान्निध्य. पण सगळीच सुटत नाहीत, आणि ती सुटतात असे जो सांगतो त्याच्यापासून जरा सावध राहावे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय घ्या. शौल हा इस्राएल लोकांचा पहिला राजा. त्याला राजा केल्याचा आपल्याला पस्तावा होतो, असे या अध्यायाच्या अकराव्या वचनात देव म्हणतो. एकोणतिसाव्या वचनात संदेष्टा शमुवेल शौलाला ठणकावून सांगतो की देव काही मनुष्य नव्हे, त्याला पस्तावा होत नसतो. आणि पस्तिसाव्या वचनात, म्हणजे अध्याय संपता संपता, पुन्हा लिहिले आहे की देवाला पस्तावा झाला. एकाच अध्यायात तीन वेळा, आणि मधले वचन दोन्ही बाजूंच्या वचनांना छेद देणारे! लिहिणारा वेडा होता काय? मुळीच नाही. माझ्या मते तेथे भाषा स्वतःशीच भांडत आहे. देव पस्तावतो असे म्हटल्याशिवाय गोष्ट सांगता येत नाही, आणि तसे म्हटले तर तो माणूस होतो. लिहिणाऱ्याने दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवली आणि ती तशीच राहू दिली.

मात्र याच अध्यायात दुसरी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर पांघरूण घालता कामा नये. देवाला राग कशाचा आला? अमालेकी लोकांचा, त्यांच्या स्त्रिया व तान्ही मुले यांच्यासह, समूळ संहार करण्याची आज्ञा शौलाने पुरती पाळली नाही, याचा. येथे ‘राग’ हा वाक्प्रचार आहे असे म्हणून कोणाची सुटका होईल? तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिजेन हा मोठा ख्रिस्ती विद्वान होऊन गेला. बायबलातील अशा लढाया म्हणजे मनातील दुर्गुणांशी झालेल्या लढाया होत, असा अर्थ तो लावी. अर्थ उदात्त आहे. पण तान्ही मुले म्हणजे दुर्गुण, हे माझ्या गळी उतरत नाही. मला तर असे दिसते की माणसांच्या राजांना जे करावयाचे होते ते त्यांनी देवाच्या तोंडी घातले. देवाला तोंड दिले की त्या तोंडात कोणाचे शब्द जातात, हा प्रश्न म्हणूनच मोलाचा आहे.

आता एक गंमत पाहा. दहा आज्ञांमध्ये देवाची मूर्ती किंवा प्रतिमा करू नये अशी सक्त आज्ञा आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात तर मोशे लोकांना बजावतो की तुम्ही पर्वतापाशी फक्त वाणी ऐकली, आकार कोणताही पाहिला नाही, तेव्हा आकार बनवू नका. आपल्या कोकणात शेकडो वर्षे राहिलेले मराठीभाषक बेने इस्राएल, ज्यांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांच्या प्रार्थनास्थळातही मूर्ती नसते ती याच कारणाने. लाकूड नको, दगड नको, धातू नको. पण शब्द? शब्दांनी तर जुन्या करारात देवाच्या इतक्या मूर्ती घडविल्या आहेत की मोजता येऊ नयेत! तो राजा आहे, योद्धा आहे, कुंभार आहे, मेंढपाळ आहे, बाप आहे. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होते. यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात तो बाळंतपणाच्या कळा देणाऱ्या बाईसारखा कण्हतो. एकोणपन्नासाव्या अध्यायात अंगावर पिणाऱ्या लेकराला विसरू न शकणाऱ्या आईशी त्याची तुलना आहे. होशेयाच्या पुस्तकात तो लेकराला चालायला शिकवितो, तेथेच पुढे पिले हिरावलेल्या अस्वलासारखा चवताळतो, आणि एका ठिकाणी तर तो कापडाला लागणारी कसर होतो. एका स्तोत्रात तो दारूच्या भरात आरोळी ठोकणाऱ्या वीरासारखा जागा होतो. दुसऱ्या एका स्तोत्रात त्याला पंख आणि पिसे आहेत. ज्याला शब्दाला शब्द धरावयाचा आहे त्याने हात आणि बोटे धरावीत व पिसे आणि कसर सोडून द्यावीत, हा कोठला न्याय?

या गर्दीतच युक्ती आहे. एकच प्रतिमा असती तर ती मूर्ती झाली असती. शंभर असल्यामुळे एक दुसरीला मूर्ती होऊ देत नाही. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने याविषयी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. देवासाठी उपमा घ्यावयाची तर ती थोर वस्तूंची घेण्यापेक्षा क्षुद्र वस्तूंची घेतलेली बरी, असे त्याचे मत होते. कारण देव म्हणजे कसर, असे कोणीही खरोखर समजणार नाही. देव म्हणजे राजा, असे मात्र लोक खुशाल समजतील. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ख्रिस्ती माणूस येथे म्हणेल, ‘येशूचे काय?’ त्याच्या श्रद्धेप्रमाणे येशू हा देवाचे रूपक नसून देहधारी झालेला देवच आहे. त्याचे हात खरोखरीचे, त्याची भूक खरोखरीची. तो विषय वेगळा आहे आणि मी त्यात शिरत नाही. येथे प्रश्न आहे तो ज्याला देह नाही असे हेच धर्म म्हणतात, त्याला शब्दांनी देह देण्याचा.

हा प्रश्न आपल्यालाच प्रथम सुचला, असे मात्र कोणी समजू नये. ख्रिस्तापूर्वी पाचशे वर्षांच्या सुमारास झेनोफनीस नावाच्या ग्रीक विचारवंताने म्हटले होते की काळ्या लोकांचे देव काळे असतात, निळ्या डोळ्यांच्या लोकांचे निळ्या डोळ्यांचे. आणि बैलाला व घोड्याला चित्र काढता आले असते तर त्यांनी आपापल्या आकाराचेच देव काढले असते. तो बोलला ग्रीकांच्या देवांविषयी. पण बायबल ज्यांनी प्राणापलीकडे जपले, त्या यहुदी लोकांनाही आपल्या ग्रंथातील ही माणूसपणाची भाषा बोचत होती. ख्रिस्तापूर्वी त्यांनी जे ग्रीक भाषांतर केले त्यात निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायापाशी भाषांतरकार बिचकला. मूळ हिब्रूत इस्राएलच्या वडीलधाऱ्यांनी देवाला पाहिले असे सरळ लिहिले आहे. ग्रीकमध्ये त्यांनी देव उभा होता ती जागा पाहिली असे झाले! पुढे अरामी भाषेत जे भाषांतर झाले त्यात तर ही पद्धतच पडली. देव ‘खाली उतरला’ असे आले की ‘प्रकट झाला’ असे लिहावयाचे, ‘हात’ आला की ‘सामर्थ्य’.

बाराव्या शतकात मायमोनिडीस हा यहुदी पंडित झाला. जन्म स्पेनमध्ये, आयुष्य बरेचसे इजिप्तमध्ये, पेशाने वैद्य. ११९० च्या सुमारास त्याने अरबी भाषेत एक मोठा ग्रंथ पुरा केला, आणि त्याच्या पहिल्या भागात बायबलातील असे एकेक शब्द, म्हणजे मुख, पाय, बसणे, चढणे, उतरणे, घेऊन त्यांची फोड केली. धर्मग्रंथ माणसांच्या भाषेत बोलतो, हे जुन्या यहुदी गुरूंचे सूत्र त्याने आधाराला घेतले. परंतु तो तेवढ्यावर थांबला नाही. देवाला शरीर आहे असे जो मानतो तो पाखंडी, असा निवाडा त्याने आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात देऊन टाकला. त्यावर दक्षिण फ्रान्समधील अब्राहाम बेन डेव्हिड या दुसऱ्या पंडिताने हरकत घेतली. त्याचा आक्षेप असा की मायमोनिडीसपेक्षा थोर आणि भली माणसे धर्मग्रंथातील वचने वाचून तसे मानीत आली. त्यांना पाखंडी कसे म्हणता? स्वतः हा अब्राहाम देवाला शरीर आहे असे मानणारा होता असे नव्हे. त्याचे म्हणणे एवढेच की भोळ्या माणसाची चूक आणि पाखंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हा वाद फार आवडतो. शिकलेला मनुष्य बरोबर असतो तेव्हाही तो कठोर होऊ शकतो, हे आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांनी विशेष लक्षात घ्यावे. घरी म्हातारी माणसे आहेत.

या कठोरपणाची एक जुनी कथा जॉन कॅसियन या ख्रिस्ती साधूने लिहून ठेवली आहे. ३९९ साली अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने एक पत्रक काढले की देवाला मनुष्यासारखा देह आहे असे मानणे चूक आहे. इजिप्तच्या वाळवंटात तेव्हा हजारो साधू राहत. त्यांतले बरेचसे साधे, अडाणी, पण कडक आचरणाचे. त्यांत सेरापियन नावाचा एक वृद्ध साधू होता. त्याला ही शिकवण पटेना. शेवटी बाहेरून आलेल्या एका विद्वानाने समजावून सांगितले, वचनांचा अर्थ उलगडून दाखविला, आणि म्हातारा कबूल झाला. सर्वांना आनंद झाला. मग सगळे प्रार्थनेला उभे राहिले, तेव्हा म्हाताऱ्याला ढसाढसा रडू कोसळले. माझा देव यांनी काढून नेला, आता मी कोणाला धरू, कोणाला नमस्कार करू, असे तो म्हणू लागला. जन्मभर प्रार्थनेच्या वेळी तो जो चेहरा मनापुढे आणीत असे तो चेहरा गेला होता, आणि त्या जागी काही नव्हते.

कॅसियन हे सांगतो ते म्हाताऱ्याची चूक दाखविण्यासाठी. मला त्यात विद्वानाचीही चूक दिसते. त्याने काढून घेतले, पण हातात काय दिले? आणि बिशपसाहेबांचे पुढे काय झाले तेही ऐका. संतापलेले साधू अलेक्झांड्रियात चालून आले. तेव्हा तुमच्याकडे पाहताना मला देवाचे मुखच दिसते, असे म्हणून बिशपने त्यांना शांत केले. नंतर तो पूर्ण उलटला आणि देवाला देह नाही असे शिकविणाऱ्या साधूंनाच त्याने वाळवंटातून हुसकून लावले. देवाच्या देहाविषयी त्याचे खरे मत काय होते कोण जाणे! गर्दी कोणीकडे आहे हे त्याला बरोबर कळत होते.

सोळाव्या शतकातील कॅल्व्हिन या सुधारकाने याला एक घरगुती दृष्टान्त दिला आहे. दाई जशी तान्ह्या मुलाशी बोबडे बोलते, तसा देव बायबलमध्ये माणसाशी बोबडे बोलतो. ज्यांच्या घरी पाळणा हलला आहे त्यांना हा दृष्टान्त सांगून समजवावा लागणार नाही. पण आपण जे ईश्वर मानीत नाही ते याच दृष्टान्ताला उलटा करू. येथे बोबडे बोलणारा देव नाही, माणूसच आहे. १८४१ साली फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञाने हेच मांडले. माणूस आपलेच गुण, आपल्याच इच्छा आपल्यापासून वेगळ्या काढतो, आभाळात ठेवतो आणि मग त्यांच्यापुढे वाकतो. हे मत मला पुष्कळसे पटते. परंतु ते पटले म्हणून पुस्तक मिटविण्याचे कारण उरत नाही. उलट आता ते अधिक बारकाईने वाचावे लागते. देवाचे वर्णन जर माणसानेच केले असेल तर तो त्या माणसाचा जबाब आहे. कोणाला राजा हवा होता, कोणाला आई हवी होती, कोण इतका पिचला होता की त्याला आपला देव अस्वलासारखा चवताळलेला पाहावासा वाटला, हे सर्व त्या जबाबात सापडते.

आता त्या परिणामांकडे येतो.

उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात असे आहे की देवाने मनुष्याला, नर व नारी अशा दोघांनाही, आपल्या प्रतिरूपाचे केले. हे वाक्य आज आपल्याला साधे वाटते. त्या काळी ते साधे नव्हते. त्या प्रदेशात देवाची प्रतिमा म्हणजे राजा, अशी समजूत होती. इजिप्तच्या ज्या बालराजाची कबर १९२२ साली सापडली त्याचे नाव तुतनखामून. त्याचा अर्थच ‘आमून देवाची जिवंत प्रतिमा’ असा होतो. जी पदवी राजाची ती उत्पत्तीच्या लेखकाने मातीत राबणाऱ्या बाया-बाप्यांना देऊन टाकली. एका प्रतिमेने येवढी उंची गाठली.

पण प्रतिमेचा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. देवाला राजा म्हटले की राजा देव होऊ लागतो. देवाला बाप म्हणत राहिले तर घरातला बाप देव होऊन बसतो. मेरी डेली या अमेरिकन विदुषीने १९७३ साली आपल्या पुस्तकातून ख्रिस्ती स्त्रियांच्या वतीने हाच जाब विचारला. आणि देवाला मालक म्हटले तर काय होते?

लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. मालकाची इच्छा ठाऊक असूनही ज्या चाकराने ती पाळली नाही त्याला पुष्कळ फटके बसतील. ज्याला अधिक कळते त्याची जबाबदारी अधिक, असा त्याचा रोख आहे. मालक हे तेथे रूपक आहे. आता अमेरिकेतील मेरीलँड प्रांतात या. फ्रेडरिक डग्लस हा जन्माने गुलाम. तो पळून मुक्त झाला आणि १८४५ साली त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात तो सांगतो की त्याचा मालक थॉमस ऑल्ड याला १८३२ साली एका धर्ममेळाव्यात भक्तीचा साक्षात्कार झाला. तो आता तरी माणुसकीने वागेल अशी गुलामांना आशा होती. तो अधिकच क्रूर झाला. एका अपंग तरुण गुलाम स्त्रीला बांधून, उघड्या खांद्यांवर चामड्याच्या आसुडाने रक्त निघेपर्यंत तो मारी, आणि मारताना समर्थन म्हणून लूकमधले हेच वचन म्हणे.

वाचकहो, येथे काय झाले ते पाहा. दृष्टान्तात देवाला मालकाची उपमा दिली होती. ऑल्डने ती उपमा उचलून स्वतःच्या अंगावर घातली. दृष्टान्तातला आसूड शब्दांचा होता; त्या बाईच्या पाठीवर पडला तो चामड्याचा. देव म्हणजे राजा असे लोक खुशाल समजतील, हे अक्वायनसचे भय येथे अक्षरशः खरे झाले. अशा वेळी ‘ते रूपक आहे हो’ असे म्हणणारा पंडित त्या बाईच्या काय कामाचा? रूपक आहे हे ऑल्डलाही बहुधा ठाऊक असेल. प्रतिमेचा अर्थ काय, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणाच्या हातात आहे हेही विचारावे लागते.

आणि हे मालक लोकांना पक्के कळत होते. १८०७ साली लंडनमध्ये एक पुस्तक छापले गेले. ब्रिटिशांच्या ताब्यातील वेस्ट इंडीज बेटांवरील निग्रो गुलामांसाठी निवडक बायबल, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. तेथून जवळच असलेल्या हैती बेटावरील गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतःचे राज्य स्थापन केले होते, ही गोष्ट तेव्हा ताजी होती. प्रॉटेस्टंट बायबलात एकंदर १,१८९ अध्याय असतात. या गुलामांच्या बायबलात अवघे २३२ अध्याय ठेवले. काय ठेवले? भावांनी विकलेला योसेफ मिसर देशात इमानेइतबारे चाकरी करतो ती कथा. गुलामांनी आपल्या मालकांची आज्ञा ख्रिस्ताची समजून पाळावी, ही इफिसकरांस पत्रातील शिकवण. काय काढले? मिसर देशात विटा थापणाऱ्या गुलाम लोकांना मोशे बाहेर काढतो ती निर्गमाची कथा.

निर्गमाच्या त्या कथेत देवाच्या शरीराचा उल्लेख वारंवार येतो. त्याला कान आहेत, कारण मुकादमांच्या जाचाखाली कण्हणाऱ्या लोकांचा आक्रोश त्याने ऐकला. त्याला डोळे आहेत, कारण त्याने त्यांचे हाल पाहिले. त्याचा हात बलवान आहे आणि त्याचा बाहू उगारलेला आहे. त्या निवडक पुस्तकात चाकराचा मालक राहिला, आणि गुलामांना सोडविणारा हात कापला गेला. देवाच्या मानवी वर्णनाविषयी इतके विद्वान इतकी शतके भांडले. पण कोणते वर्णन धोक्याचे आणि कोणते फायद्याचे हे जितके या कातरीला कळले तितके क्वचितच कोणाला कळले असेल.

तरीही ती कथा गुलामांपर्यंत पोचली. अक्षरओळख नसलेल्यांनी ती कानाने ऐकली आणि गाण्यांतून म्हटली. हॅरिएट टबमन ही स्वतः गुलामीतून निसटलेली स्त्री. ती पुन्हा पुन्हा मेरीलँडमध्ये परत जाऊन रात्रीच्या अंधारात लोकांना सोडवून आणी. तिचे लोक तिला ‘मोशे’ म्हणत. देवाचा बाहू कसा असतो, मानवी की दैवी, शब्दाचा की हाडामांसाचा, यावर त्यांनी चर्चा केली नाही. एका बाईचा हात धरून ते नदी ओलांडून गेले.

त्या कातरलेल्या बायबलाच्या फार थोड्या प्रती आज जगात शिल्लक आहेत. त्यांतील एक अमेरिकेत नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाकडे आहे. हे विद्यापीठ गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांच्या शिक्षणासाठी १८६६ साली सुरू झाले. २०१८ साली ती प्रत वॉशिंग्टनमध्ये काचेखाली मांडली होती.